कुलाब्याचे आंकडे आणि त्यांचें चित्र

रुग्णालयांत तापकऱ्याच्या खाटेच्या पायथ्याशीं एक कागद अडकविलेला असतो. परिचारिका ठराविक वेळीं ताप मोजते, त्या कागदावर एक टिंब मांडते आणि तें मागच्या टिंबाशीं रेघेनें जोडते. डॉक्टर येतो तेव्हां तो आंकडे वाचीत बसत नाहीं. तो रेघ पाहतो. ती रोज सायंकाळीं चढते कीं एक दिवसाआड चढते, एकदम कोसळते कीं पायरीपायरीनें उतरते, हें त्याला एका दृष्टिक्षेपांत समजतें, आणि त्यावरून दुखणें कोणत्या जातीचें असावें याचा तर्क तो बांधतो. आंकडे तेच असतात. पण रांगेनें लिहिले असतां जें त्यांतून ध्यानांत येत नाहीं, तें रेघेंत मांडल्याबरोबर येतें.

पृथ्वीचाहि असा तक्ता ठेवला जातो, आणि तो ठेवणारी एक मोठी संस्था पनवेलच्या खांदा कॉलनीपासून जवळच, कळंबोली महामार्गालगत आहे. तिचें नांव भारतीय भूचुंबकत्व संस्था. पृथ्वी हें एक प्रचंड लोहचुंबक आहे आणि होकायंत्राची सूचि त्यामुळेंच उत्तरेकडे वळते, एवढें शाळेंत सर्वांनीं शिकलेलें असतें. मात्र या चुंबकाचा जोर स्थिर नसतो. तो क्षणोक्षणीं किंचित् कमीजास्त होत असतो. हा फरक मोजावयाचा, लिहून ठेवावयाचा आणि त्याचा अर्थ लावावयाचा, हें त्या संस्थेचें कार्य होय.

या कार्याचा आरंभ मुंबईच्या कुलाब्यास झाला. तेथील वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं स्थापिली, आणि १८४१ पासून तेथें चुंबकीय मोजमाप सुरू झालें. पुढें मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें. विजेच्या प्रवाहानें सूचि ढळणार हें उघड होतें. तेव्हां वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखालीं अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यांत आली. तिच्या बांधकामास लोहांश नसलेला पोरबंदरी दगड निवडून घेण्यांत आला. १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मोजमाप चाललें. हेतु हा कीं, जुन्या आंकड्यांशीं नव्या आंकड्यांचा सांधा बिनचूक जुळावा. १९०७ मध्यें मुंबईंत विजेची ट्राम धांवूं लागली, तेव्हां अलिबागचें काम स्थिरस्थावर झालेलें होतें. या दूरदृष्टीमुळें एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंत चालत आलेली आंकड्यांची अशी मालिका हातीं आली आहे कीं, तिच्या तोडीच्या मालिका जगांत थोड्याच आहेत.

परंतु मालिका जितकी लांब, तितकी ती वाचणें अवघड. आज एका ठिकाणचें मोजमाप दर मिनिटास एक, आणि तीन दिशांचे तीन घटक, असें धरलें तरी दिवसाचे ४,३२० आणि वर्षाचे पंधरा लाखांहून अधिक आंकडे होतात. हे आंकडे कोणी नुसते वाचून काढील म्हटलें तर आयुष्य पुरणार नाहीं. म्हणून संगणकावर चालणाऱ्या चित्रण-प्रणाली, म्हणजेच सॉफ्टवेअर, निर्माण झालीं. अशांपैकीं ‘जेनेरिक मॅपिंग टूल्स’ हें एक भूशास्त्रज्ञांत सर्वपरिचित आहे. पॉल वेसेल आणि वॉल्टर स्मिथ हे दोघे अमेरिकेंत विद्यार्थी असतांना, १८८८ नव्हे तर अगदीं अलीकडे, १९८८ च्या सुमारास, त्यांनीं तें रचावयास घेतलें. तें कोणासहि विनामूल्य मिळतें.

अशा प्रणालीचें काम समजण्यास कठीण नाहीं. तिला आंकड्यांचें कोष्टक द्यावयाचें आणि कोणता स्तंभ आडव्या अक्षावर व कोणता उभ्या अक्षावर मांडावयाचा हें सांगावयाचें. मग ती क्षणार्धांत रेघ काढते. खरा लाभ पुढेंच आहे. तीच रेघ हवी तशी ताणतां किंवा आंखडतां येते. अलिबागचा एखादा शांत दिवस ताणून पाहिला तर दुपारच्या सुमारास रेघ एखाद्या टेकडीसारखी हलकेच वर चढून पुन्हां खालीं येते. सूर्याच्या किरणांनीं शंभराहून अधिक किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेंत विजेचे प्रवाह वाहूं लागतात, त्यांचा हा परिणाम. कांहीं महिन्यांची रेघ एकत्र आंखडली म्हणजे सुमारें सत्तावीस दिवसांनीं परत येणाऱ्या उलाढाली दिसतात. कारण सूर्य स्वतःभोंवतीं फिरून तीच बाजू पुन्हां पृथ्वीसमोर आणतो. अनेक दशकें एका कागदावर घेतलीं तर सौर डागांचें अकरा वर्षांचें चक्र उमटतें. एकाच कोष्टकांत हीं तीन्ही सत्यें असतात. कोणतें दिसावें हें पाहणाऱ्यानें निवडलेल्या प्रमाणावर अवलंबून असतें.

या निवडीचें महत्त्व किती, हें एका जुन्या प्रसंगावरून कळेल. १ सप्टेंबर १८५९ रोजीं रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज ज्योतिषानें सूर्यावर अकस्मात् प्रखर तेज झळकलेलें पाहिलें. त्यानंतर साडेसतरा तासांच्या सुमारास पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळलें. युरोप-अमेरिकेंत तारायंत्रांच्या तारांतून आपोआप वीज वाहूं लागली आणि तारमास्तरांस धक्के बसले. लंडनजवळच्या क्यू येथील वेधशाळेंत प्रकाशाचा कवडसा फिरत्या कागदावर सूचीची हालचाल आपोआप टिपीत असे. वादळाच्या जोरानें तो कवडसा कागदाच्या बाहेरच गेला आणि नोंद अपुरी राहिली. कुलाब्यास मात्र निरीक्षक यंत्रावरील आंकडा डोळ्यांनीं वाचून वहींत उतरवीत. एरवीं हें वाचन तासातासानें होई. सूचि चंचल झाली म्हणजे तें पंधरा किंवा पांच मिनिटांनीं होई. त्या दिवशींहि त्यांनीं तसेंच केलें.

त्या नोंदी छापल्या गेल्या, जपल्या गेल्या आणि पुढें जवळजवळ दीड शतक ग्रंथांत पडून राहिल्या. २००३ सालीं ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेस या परदेशीय शास्त्रज्ञांनीं भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लखीना व शोभना अॅलेक्स यांच्यासह त्या नोंदींवरून काढलेला आलेख प्रसिद्ध केला. त्यांत रेघ प्रथम किंचित् वर जाते आणि मग विहिरींत दगड पडावा तशी खालीं जाते. क्षितिजसमांतर घटकाची घट सुमारें १,६०० नॅनोटेस्ला, म्हणजे एकंदर जोराच्या चार टक्क्यांच्या आसपास, भरली. चार टक्के हा आंकडा क्षुल्लक वाटेल. परंतु मार्च १९८९ मधील ज्या वादळानें कॅनडांतील क्विबेक प्रांताची वीज सुमारें नऊ तास बंद पाडली आणि साठ लाख लोकांस अंधारांत ठेविलें, त्याचें माप ५८९ नॅनोटेस्ला होतें. मे २०२४ मध्यें ज्या वादळामुळें लडाखमधील हानले येथून आकाशांत तांबडी प्रभा दिसली, त्याचें माप सुमारें ४०० होतें.

येथेंच चित्र पाहणाऱ्यानें सावध व्हावयास पाहिजे. क्विबेकच्या वादळाचें जें माप वर दिलें, तें अनेक वेधशाळांच्या तासातासाच्या सरासरीवरून काढलेलें आहे; कुलाब्याचें १,६०० हें एकाच ठिकाणचें आणि अल्पकाळ टिकलेलें टोंक आहे. त्या खड्ड्यांतून रेघ लवकरच पुष्कळशी वर आली. २००६ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं कुलाब्याच्याच आंकड्यांची ताशी सरासरी घेतली, तेव्हां वादळाचें माप सुमारें ८५० वर आलें. वही तीच, निरीक्षक तेच. फक्त एका रेघेंत मिनिटें ठेविलीं आणि दुसरींत तास. यांपैकीं कोणीहि लबाडी केली नाहीं. तथापि वीजवाहिन्यांचीं रोहित्रें केवढ्या धक्क्यास टिकलीं पाहिजेत हें ठरविणाऱ्या अभियंत्यास १,६०० आणि ८५० यांतील अंतर म्हणजे कोट्यवधि रुपयांचा आणि लाखों घरांच्या दिव्यांचा प्रश्न आहे. म्हणून आलेख हातीं आला कीं पहिला प्रश्न हा विचारावा: यांतील एक टिंब किती वेळाची सरासरी आहे?

रेघेप्रमाणें नकाशासहि अशीच परीक्षा लावावी लागते. समान मूल्याचीं ठिकाणें रेषेनें जोडून नकाशा काढण्याची युक्ति एडमंड हॅली या ज्योतिषानें १७०१ सालीं छापलेल्या अटलांटिक महासागराच्या नकाशांत वापरली; होकायंत्राची सूचि खऱ्या उत्तरेपासून कोठें किती ढळते तें त्यांत दाखविलें होतें. आजचें सॉफ्टवेअर तेंच करितें. तें प्रदेशावर चौकटींची जाळी अंथरतें, जेथें मोजमाप झालें तेथील आंकडे घेतें आणि मधल्या रिकाम्या चौकटी शेजाऱ्यांवरून अंदाजानें भरतें. मग प्रत्येक चौकटीस रंग देतें. पाहणाऱ्यास मात्र मोजलेली चौकट आणि अंदाजानें भरलेली चौकट सारखीच रंगीत दिसते.

पावसाचें उदाहरण घ्यावें. पुण्याचें हवामान कार्यालय साऱ्या देशाच्या दैनिक पावसाचे आंकडे पाव अंशाच्या चौकटींत मांडून देतें. १९०१ पासूनची ही मालिका आहे. पाव अंश म्हणजे सुमारें २७ किलोमीटर. खांदा कॉलनीच्या सपाटीपासून माथेरानचा सुमारें ८०० मीटर उंचीचा डोंगर सरळ रेषेंत याहून कमी अंतरावर आहे, आणि दोन्हीकडच्या पावसांत केवढा फरक पडतो हें तेथील लोक जाणतात. साऱ्या कोंकणच्या पावसाळ्याची चाल पाहण्यास तो नकाशा उत्तम. आपल्या गल्लींत किती पाणी सांचेल हें त्यावरून ठरवूं जाणें म्हणजे फूटपट्टीनें मोहरी मोजणें होय. रंगांचीहि तीच गोष्ट. इंद्रधनुष्याचे रंग वापरले तर पिवळा जेथें हिरव्यास भिडतो तेथें डोळ्यांस कड दिसते. आंकड्यांत तेथें कसलीच कड नसते. फिक्यापासून गडदापर्यंत क्रमानें जाणारी एक छटा दिसावयास साधी, पण अधिक प्रामाणिक.

मग चित्रावर विश्वास ठेवूं नये काय? तसें नव्हे. चित्र हें उत्तर म्हणून न घेतां प्रश्न म्हणून घेतलें तर त्याच्याइतका चांगला मार्गदर्शक नाहीं. कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयांत १९६२ पासून पाणी सांठूं लागलें आणि त्या परिसरांत भूकंपाचे धक्के जाणवूं लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जलाशयाच्या पातळीची रेघ आणि धक्क्यांची संख्या हीं एकाच कागदावर एकाखालीं एक मांडलीं, तेव्हां दोहोंचा संबंध असावा ही शंका बळावली. दोन रेघा बरोबरीनें चढल्या एवढ्यानें एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ कागदापाशीं थांबले नाहींत. पुढें कोयनेच्या खडकांत सुमारें ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन खालची स्थिति प्रत्यक्ष तपासण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. कागदानें जागा दाखविली. शोध जमिनींतच घ्यावा लागला.

ज्या घरांत संगणक आणि जिज्ञासु विद्यार्थी आहे, तेथें हा अभ्यास बिनखर्चांत होण्यासारखा आहे. अलिबागची वेधशाळा ‘इंटरमॅग्नेट’ या जागतिक संघटनेंत सामील असून तिचे आंकडे अभ्यासकांस मिळूं शकतात. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेचें ‘पॅनॉप्ली’ हें सॉफ्टवेअर हवामानाच्या जाळीदार आंकड्यांचे नकाशे काढून देतें आणि तेंहि विनामूल्य आहे. विद्यार्थ्यानें प्रथम एका शांत दिवसाची रेघ काढावी, मग मे २०२४ मधील १० व ११ या तारखांची काढावी आणि दोन्ही एकाच प्रमाणांत शेजारीं ठेवावीं. त्यानंतर त्याच आंकड्यांची ताशी सरासरी घेऊन रेघ पुन्हां काढावी आणि कोणतें टोंक बोथट झालें तें पाहावें. दुसऱ्याच्या चित्राची पारख कशी करावी हें त्याला या एका प्रयोगानें जितकें उमजेल, तितकें नुसत्या वाचनानें उमजणार नाहीं.

या साऱ्या कथेंत संगणकाचें कौतुक योग्यच आहे. त्यानें महिन्यांचें काम क्षणावर आणिलें. परंतु १८५९ च्या त्या दिवशीं कुलाब्याच्या खोलींत सूचि ढळत असतां पांच पांच मिनिटांनीं आंकडा लिहिण्याचा कंटाळा कोणी केला असता, तर आज कितीहि चांगलें सॉफ्टवेअर ती जागा भरून काढूं शकलें नसतें. फार तर त्यानें दोन टोंकें सरळ रेघेनें जोडलीं असतीं आणि त्या दिवशीं कांहींच विशेष घडलें नाहीं असें दाखविलें असतें.