मोबाईलमधली माहिती आणि आपलं पाणी

ताईंनो, गटाची बैठक झाली की सीआरपी ताई बचतीची, कर्जाची नोंद मोबाईलवर भरतात. ही नोंद, आपले फोटो, व्हिडिओ नुसते मोबाईलमध्ये राहत नाहीत. ते डेटा सेंटरमध्ये साठतात. डेटा सेंटर म्हणजे रात्रंदिवस चालणाऱ्या हजारो कॉम्प्युटरांची इमारत. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे भागात अशा इमारती आहेत.

त्यांना पाणी कशाला?

कॉम्प्युटर चालले की तापतात. आपला माठ आठवा. पाणी झिरपतं, उडून जातं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. बऱ्याच डेटा सेंटरमध्ये असंच पाणी उडवून गारवा करतात. उडालेलं पाणी परत मिळत नाही.

किती लागतं?

एक मेगावॅटच्या सेंटरला वर्षाला सुमारे २.५ कोटी लिटरपर्यंत पाणी लागू शकतं, असा अंदाज सांगतात. म्हणजे रोज जवळपास ७० हजार लिटर. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात. त्या हिशोबाने हे साडेबाराशे माणसांचं पाणी झालं! मोठी सेंटरं तर कित्येक मेगावॅटची असतात.

आपला काय संबंध?

डहाणू-तलासरीत पाऊस धो धो पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये कितीतरी पाड्यांवर बायकांना हंडा घेऊन लांब जावं लागतं. सूर्या धरण मुख्यतः शेतीसाठी बांधलं. आता वसई-विरारला रोज १८५ आणि मीरा-भाईंदरला २१८ दशलक्ष लिटर पाणी देण्याची योजना त्याच धरणावर आहे. शहरालाही पाणी हवंच. पण नवा मोठा ग्राहक आला, की आपला वाटा आधी विचारायला हवा.

काय विचारायचं?

डेटा सेंटर असो की दुसरा कारखाना, हे प्रश्न विचारा:

• रोज किती लिटर पाणी लागणार?
• धरणातून, बोअरमधून, की शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून?
• मे महिन्यात काय करणार?
• कमी पाण्याची पद्धत का नाही? हवेने गार करता येतं, फक्त वीज जास्त लागते.

आपले दोन्ही तालुके पेसा क्षेत्रात आहेत. जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तिथे पाण्याचा विषय मांडा आणि ठरावात लिहून घ्या. नुसतं तोंडी बोललेलं राहत नाही, हे गटाच्या वहीने आपल्याला शिकवलंच आहे.