टिपेश्वरचा वाघ आपल्या तालुक्यात का आला?

2024 च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ दिसला. मग तो आपल्या बार्शी तालुक्यातही फिरला. त्याने गुरे मारली. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, पण हा खरा पट्ट्यांचा ढाण्या वाघ! तेव्हा शेतात लाईट रात्रीची असायची. वडील ज्वारीला पाणी द्यायला जात आणि ते येईपर्यंत आई जागी बसे.

वाघ कुठला ते पट्ट्यांवरून कळले. आपल्या अंगठ्याचा ठसा दुसऱ्याशी जुळत नाही, तसेच वाघाचे पट्टे. जुने फोटो ताडून पाहिले तर तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा निघाला. म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोमीटर!

आबा म्हणाले, "हिकडं माळावर त्याचं काय काम?" मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, टिपेश्वरचे जंगल 148 चौरस किलोमीटरच आहे. मोठ्या झालेल्या नराला स्वतःची वेगळी हद्द लागते. ती मिळाली नाही की तो निघतो. 2019 साली तिथलाच एक वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा जंगलात गेला. त्याच्या गळ्यात पट्टा होता, त्यावरून तो 1300 किलोमीटरच्या वर चालला हे समजले.

मित्रांनो, वाघ असे फिरले नाहीत तर काय होते? आईबापांकडून पिल्लांना जे गुण येतात, ते जनुकांमधून येतात. एकाच जंगलात कोंडलेले वाघ आपसांतच नाते जोडतात आणि तीच ती जनुके फिरत राहतात. ओडिशात सिमिलीपाल येथे काही वाघांचे पट्टे इतके रुंद आहेत की ते काळेच दिसतात. शास्त्रज्ञांनी 2021 साली त्याचे कारण शोधले. तिथे वाघ थोडे होते आणि बाहेरचा वाघ येत नव्हता. गंमत म्हणजे वाघाच्या विष्ठेतूनसुद्धा त्याची जनुके तपासता येतात.

हे ऐकून आबा म्हणाले, "आरं, धनगर मेंढा बदलत्यात ते ह्याच्यासाठीच की! घरचाच मेंढा ठेवला तर कोकरं मरतुकडी निपजत्यात." आबांना हे न शिकता माहीत होते.

पण येडशीला वाघीण नाही. म्हणून 2025 च्या जानेवारीत वनखात्याने त्याला पकडून सह्याद्रीच्या जंगलात सोडायचे ठरवले, कारण तिथे वाघ फार थोडे आहेत. पथक आले, माळ धुंडाळला. तो काही त्यांच्या हाती लागला नाही.