गुळाचं आहे म्हणून चालत नाही

संक्रांत असो, होळी असो की घरातलं बारसं, पंगतीत एक वाक्य हटकून कानावर येतं : "घ्या हो काका, गुळाचं आहे. तुम्हाला चालतं." काकांना कितीतरी वर्षांपासून मधुमेह असतो. वाढणाऱ्या सुनेच्या किंवा लेकीच्या मनात निखळ माया असते. सगळ्यांच्या पानात पुरणपोळी आणि एकट्या काकांच्या पानात साधी पोळी, हे कुणालाच बघवत नाही. मग गूळ मदतीला येतो. साखरेची खीर नको, पण गुळाची लापशी चालेल. साखरेचा शिरा नको, पण गुळाचे लाडू दोन घ्या. काकाही विश्वासाने घेतात.

हा समज सपशेल चुकीचा आहे. तो सुशिक्षित घरांत ऐकू येतो, मिठाईच्या दुकानांच्या पाट्यांवर दिसतो आणि मोबाइलवर फिरणाऱ्या आरोग्य-सल्ल्यांत तर रोज नव्याने उगवतो. त्याचा परिणाम साधासुधा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली 'लॅन्सेट डायबेटीस अँड एंडोक्रिनॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे जवळपास प्रत्येक मोठ्या कुटुंबात असे एखादे काका किंवा मावशी आहेतच.

गैरसमज : गूळ साखरेपेक्षा वेगळा, म्हणून मधुमेहात चालतो

गुऱ्हाळावर काय होतं ते आधी पाहू. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतात. रानभेंडीचं चिकट पाणी घालून वर आलेला मळ काढून टाकतात. रस आटत आटत ११८ ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की गुळव्या पाक बघतो, काहील उतरवतात, रस थंड करायला ओततात आणि ढेपा भरतात. या सगळ्या खटाटोपात रसातून पाणी गेलं आणि मळ गेला. साखर कुठेच गेली नाही. ती सगळी ढेपेत आहे.

साखर कारखान्यात त्याच रसातून स्फटिक वेगळे काढतात, म्हणून दाणेदार साखर जवळजवळ पूर्णपणे सुक्रोज असते. गुळात सुक्रोजचं प्रमाण साधारण ६५ ते ८५ टक्के असतं. त्याशिवाय साधारण १० ते १५ टक्के ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, म्हणजे सुक्रोज फुटून तयार होणाऱ्या त्याच दोन साखरा. उरतो तो थोडा ओलावा आणि थोडी खनिजं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांची जी जुनी, सर्वमान्य कोष्टकं छापली, त्यांत १०० ग्रॅम साखरेचे उष्मांक ३९८ आणि १०० ग्रॅम गुळाचे ३८३ दिले आहेत. सगळा फरक एवढाच.

आपल्या आतड्याला तर तोही कळत नाही. सुक्रोज साखरेतून आलं की गुळातून, लहान आतड्याच्या अस्तरातलं विकर त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं आणि ग्लुकोज रक्तात जातं. पदार्थाचा रंग पिवळा आहे की पांढरा, तो कोल्हापूरहून आला की किराणा दुकानातून, याची चौकशी तिथे होत नाही.

कुणाला अजून शंका असेल तर त्यांनी आपल्याच घरातला एक अनुभव आठवावा. इन्शुलिन किंवा काही प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर कधीकधी एकदम खाली येते. दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. अशा वेळी आजी धावत जाऊन गुळाचा खडा तोंडात घालते आणि थोड्या वेळात माणूस सावरतो. गूळ तिथे लागू पडतो, कारण तो रक्तातली साखर झपाट्याने वाढवतो. जो खडा संकटात साखर वाढवतो, तोच खडा सणाच्या दिवशी लाडवात बसून साखर न वाढवता कसा राहील?

"पण आयुर्वेदात गूळ चांगला सांगितलाय"

हा युक्तिवाद मोठ्या आदराने केला जातो, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाची कारणं सांगितली आहेत. बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, दूध, नवं धान्य अशी ती यादी आहे, आणि तिच्यात गुळापासून केलेले पदार्थ स्पष्टपणे आले आहेत. निरोगी, कष्ट करणाऱ्या माणसासाठी गुळाचे गुण सांगणं वेगळं आणि प्रमेह झालेल्याला गूळ वाढणं वेगळं. परंपरेचा आधार घ्यायचा तर पूर्ण घ्यावा.

"पण गुळात लोह असतं"

असतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम गुळात साधारण साडेचार मिलिग्रॅम. याच संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. ते फक्त गुळातून मिळवायचं तर सहाशे ग्रॅमहून जास्त गूळ खावा लागेल. जेवणानंतरच्या दहा ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही. लोह हवं असेल तर मोड आलेली कडधान्यं आणि पालेभाजी खा, त्यावर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. मांसाहार चालत असेल तर त्यातलं लोह अंगी लवकर लागतं. लोहाच्या नावाखाली साखर वाढू नका.

"पण पुरणात डाळ असते, तूप असतं, त्यामुळे साखर हळू वाढते"

यात तथ्य आहे. डाळीतली प्रथिनं आणि तंतू, पोळीवरचं तूप, यांमुळे पचन काहीसं मंदावतं. पण हे श्रेय डाळीचं आणि तुपाचं आहे, गुळाचं नाही. साखरेचं पुरण केलं तरी डाळ हेच काम करील. शिवाय वेग थोडा कमी झाला म्हणून एकूण साखर कमी होत नाही.

एकदा हिशेबच मांडू. पाव किलो हरभराडाळ, पाव किलो गूळ, त्यात दहा-बारा पोळ्या. म्हणजे एका पोळीत वीस ते पंचवीस ग्रॅम गूळ आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली बाहेरून घातलेल्या साखरेबद्दल मार्गदर्शन केलं. ती रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली असावी आणि पाच टक्क्यांखाली ठेवता आली तर अधिक चांगलं, असं त्यात म्हटलं आहे. हे पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, आणि हा सल्ला निरोगी माणसांसाठीही आहे. एका पुरणपोळीत दिवसाचा तो वाटा संपला. बाहेरचं मैद्याचं किंवा कणकेचं आवरण आणि डाळीतला पिष्टमय भाग अजून मोजलेलाच नाही. "गुळाच्या आहेत, तीन घ्या" म्हणणाऱ्यांनी ही बेरीज पानात वाढण्याआधी करावी.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. साखर घातली असती तर काकांनी स्वतःच हात आखडता घेतला असता. अर्धी पोळी खाल्ली असती, भात कमी घेतला असता. "गुळाचं आहे" या दोन शब्दांनी त्यांच्या हातातून तो हिशेबच काढून घेतला. मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी वाढलेली येते आणि घरचे म्हणतात, "साखर तर चमचाभरही देत नाही आम्ही!" डॉक्टरांसमोर बसलेल्या माणसावर चोरून खाल्ल्याचा संशय घेतला जातो. त्याने चोरून काही खाल्लेलं नसतं. आपणच वाढलेलं असतं, आग्रह करकरून.

आणखी काही समज, थोडक्यात

*मध चालतो.* मधही बहुतांशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच आहे. आणि एक वर्षाखालच्या बाळाला तर मध चाटवूच नये, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

*खजुराचे लाडू साखरविरहित असतात.* बाहेरून साखर घातलेली नसते एवढंच. सुकलेल्या खजुराचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो.

*शुगर-फ्री बिस्किटं कितीही खावीत.* त्यांतला मैदा पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतो.

*साबुदाणा हलका.* तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, उपवासाला चालतो म्हणून मधुमेहाला मानवत नाही.

*कारल्याचा रस घेतला की गोड माफ.* तसं काहीही नसतं.

*गोड खाल्लं, आता एक गोळी जास्त घेतो.* असं स्वतःच्या मनाने कधीही करू नये. साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

*मधुमेहात भात पूर्ण बंद.* प्रमाण आणि सोबत काय आहे हे महत्त्वाचं. ताटाचा निम्मा भाग भाज्या, पाव भाग प्रथिनं आणि पाव भागात भात किंवा भाकरी, ही मांडणी मधुमेहतज्ज्ञ सर्रास सांगतात.

*मधुमेह्याने गोडाकडे आयुष्यात बघायचं नाही.* हेही टोकच आहे. साखर आटोक्यात असेल, डॉक्टरांची हरकत नसेल आणि त्या जेवणातला भात-पोळी तेवढी कमी केली असेल, तर सणाला अर्धी पुरणपोळी खाता येते. मात्र तिच्यात काय आहे हे माहीत असायला हवं.

मग माया कशी करायची?

मनाला धीर देणारं, पोटाला ऊब देणारं खाणं म्हणजे गोडच, असं आपण केव्हापासून ठरवलं? कोकणात आजारातून उठलेल्याला ऊन ऊन कुळथाचं पिठलं देतात. देशावर पावसाळी संध्याकाळी हुलग्याचे शेंगोळे होतात. मुगाचं कढण, लसणीची फोडणी दिलेली आमटी, मटकीची उसळ, वांग्याचं भरीत, मेथीची पातळ भाजी आणि ज्वारीची भाकरी, जिरं लावलेलं ताक. या पदार्थांच्या नुसत्या वासाने घरी आल्यासारखं वाटतं. आणि बहुतेकांत प्रथिनं आणि तंतू भरपूर आहेत. मुगाच्या खिचडीत डाळ तांदळाहून जास्त घ्या, त्यात दुधी, गाजर, फरसबी घाला, वरून चमचाभर तूप सोडा. तीच खिचडी सगळ्यांनी खा. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.)

"तीच सगळ्यांनी" हे मी मुद्दाम म्हणते. आपल्या घरांत पथ्याचं म्हणजे वेगळं, बेचव, कडेला ठेवलेलं. त्या एकटेपणाची भरपाई म्हणून मग गुळाचा लाडू येतो. पथ्याचं जेवण चवीचं झालं आणि घरभर तेच शिजलं, तर भरपाईची गरजच उरत नाही. तसंही काकांसाठी जे योग्य, ते त्यांच्या चाळिशीतल्या मुलासाठीही योग्यच आहे. त्याच्या रक्तात तोच वारसा आहे.

वाढण्याचा क्रमही बदलून पाहावा. २०१५ साली 'डायबेटीस केअर' या नियतकालिकात एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्या अकरा जणांनी तेच जेवण, पण भाज्या आणि प्रथिनं आधी आणि पिष्टमय पदार्थ शेवटी खाल्ले, तर जेवणानंतरची साखर कमी वाढली. प्रयोग छोटा आहे, पण करून बघायला काही खर्च नाही. कोशिंबीर आणि उसळ आधी वाढा, भात मागून.

आणि आग्रह करायचाच असेल तर जेवणानंतर करा, शतपावलीचा. याच नियतकालिकात २०१३ साली आलेल्या एका अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या वयस्कर मंडळींनी प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तर दिवसभराची साखर सुधारली, असं दिसलं. "बाबा, चला, चौकापर्यंत जाऊन येऊ" या वाक्यात "अजून एक घ्या"पेक्षा जास्त प्रेम आहे, कारण ते म्हणणाऱ्याला स्वतः उठावं लागतं.

सणाला गोड करू नका, असं माझं म्हणणं नाही. करा, पूर्वीसारखंच करा. फक्त ज्यांना मधुमेह आहे त्यांना खरं सांगा : "यात गूळ आहे, म्हणजे साखरच आहे. अर्धी देऊ का, आणि भात कमी वाढू का?" मग उत्तर त्यांच्यावर सोडा. ते नको म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारू नका, आणि घेतली तर डोळे वटारू नका. जिवाभावाच्या माणसाला आपण निदान एवढं तरी देणं लागतो : पानात काय आहे याची खरी माहिती, आणि त्याच्या नकाराचा मान.