मधल्या चार वर्षांचा हिशेब

पहिलीतल्या मुलाचे सगळ्या घराला कौतुक असते आणि दहावीतल्या मुलाची सगळ्या घराला धास्ती असते. मधली पाचवी ते आठवी ही चार वर्षे मात्र कोणाच्या खिजगणतीत नसतात. शाळेच्या पहिल्या दिवसाचा रडका फोटो आल्बममध्ये जपलेला असतो, दहावीचे पेढे बिल्डिंगभर वाटले जातात. पण सहावीच्या वर्षी आपला मुलगा कोणत्या बाकावर, कोणाशेजारी बसत होता, असे विचारले तर आईबाप एकमेकांकडे पाहू लागतात. गणवेश आखूड झाला, बूट चावू लागले, एवढेच काय ते ध्यानात येते. आणि नेमक्या याच चार वर्षांत घरोघरी एक गोष्ट घडते. दारातूनच दप्तर भिरकावून दिवसभराचा वृत्तान्त घडाघडा सांगणारे मूल हळूहळू दोन शब्दांवर येते. ‘आज काय झालं शाळेत?’ ‘काही नाही.’ या ‘काही नाही’च्या पोटात काय काय असते, तेवढेच आज पाहायचे आहे.

आपल्याकडे कित्येक गावांत अजूनही चौथीपर्यंत प्राथमिक शाळा आणि पाचवीपासून हायस्कूल अशी विभागणी आहे. चौथीपर्यंत एकच बाई दिवसभर वर्गावर असतात. कोण डबा तसाच परत नेतो, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाला फळ्यावरचे दिसत नाही, हे त्यांना न सांगता कळते. पाचवीत गणिताचे सर वेगळे, इंग्रजीच्या बाई वेगळ्या, चित्रकलेचे सर आणखी वेगळे. तास संपल्याची घंटा झाली की समोरचा माणूस बदलतो. विषयाला शिक्षक मिळतो. मुलाला मात्र त्याचे असे कोणी उरत नाही. आणि हे होते केव्हा? तर आवाज फुटण्याच्या, मिसरूड दिसण्याच्या, मुलींना पाळी येण्याच्या वयात. शास्त्रज्ञ सांगतात की मेंदूचा पुढचा, म्हणजे सारासार विचार करून स्वतःला आवरणारा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. म्हणजे गाडीचे इंजिन जोरात सुरू झालेले असते आणि ब्रेक अजून कारखान्यातच असतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी, म्हणजे साधारण अकरा ते चौदा वर्षांचा, एक स्वतंत्र टप्पा मानला, ते योग्यच झाले.

या वयाला जे शिकायला हवे त्याला आता एक भारदस्त नाव मिळाले आहे : सामाजिक-भावनिक शिक्षण. नाव ऐकून दचकायचे कारण नाही. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात 1968 साली जेम्स कोमर या मानसोपचारतज्ज्ञाने दोन शाळा हाती घेतल्या. तिथली बहुतेक मुले गरीब, कृष्णवर्णीय घरांतली, आणि अभ्यासात शहरात सर्वांत मागे. कोमर यांनी शिक्षक आणि पालक यांना एका टेबलाभोवती बसवले आणि मुलांना शाळा आपली वाटावी एवढ्यासाठी आधी खटपट केली. वर्तन सुधारले, हजेरी सुधारली आणि मागोमाग अभ्यासही सुधारला. पुढे 1994 साली तिथे या विषयाला वाहिलेली संस्था निघाली आणि 1995 मध्ये डॅनियल गोलमन यांचे भावनिक बुद्धिमत्तेवरचे पुस्तक जगभर खपले. या मंडळींनी पाच गोष्टी सांगितल्या : आपल्याला काय वाटते आहे ते ओळखणे, ते आवरणे, दुसऱ्याला काय वाटत असेल ते जाणणे, माणसे जोडून ती टिकवणे आणि विचार करून निर्णय घेणे. 2011 मध्ये अशा 213 उपक्रमांचा आणि पावणेतीन लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना हे शिकवले गेले ती मुले अभ्यासातही इतरांच्या पुढे गेलेली दिसली. ‘हे सगळं ठीक, पण मार्कांचं काय?’ असे विचारणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

‘आमच्या वेळी कुठे होतं हे?’ हा प्रश्न येणारच. होते, पण शाळेत नव्हते. ते वाड्यात होते, चाळीच्या गॅलरीत होते, पाच भावंडांत एकच पेरू वाटून घेण्यात होते. भांडण झाले तरी रात्री त्याच सतरंजीवर झोपायचे असल्यामुळे समेट करावाच लागे. आता घरात एक मूल किंवा दोन, त्यांना स्वतंत्र खोली, आणि खाली खेळायला जायचे तर क्लासच्या वेळापत्रकात जागा शोधावी लागते. अर्थात त्या काळाचे फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. छडी होती, कोंबडा होता, आणि ‘ढ’ म्हणून शिक्का बसल्यावर सातवीतून शाळा सोडलेली मुले आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर्गात होती. त्यांना काय वाटले असेल, हे विचारायची पद्धत नव्हती. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या सतराव्या कलमाने मुलांना मारण्याबरोबरच मानसिक छळालाही बंदी केली. हा दुसरा शब्द कायद्यात यायला आपल्याला बराच काळ लागला.

मराठी माणसाला हे सगळे परके वाटू नये, कारण आपल्याकडे साने गुरुजी होऊन गेले. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 ही सहा वर्षे ते शिक्षक होते, पण मुलांच्या आठवणीत ते अधिक राहिले छात्रालयामुळे. तिथे ते मुलांबरोबर राहिले, त्यांची दुखणी-खुपणी काढली. पुढे नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले, तेव्हा प्रकरणांना प्रकरणे न म्हणता ‘रात्र’ म्हटले. दिवसाची कामे संपल्यावर माणसे एकत्र बसली आहेत, एकजण सांगतो आहे आणि बाकीचे घाई न करता ऐकत आहेत, अशी ती रचना आहे. त्या पुस्तकातल्या आईबद्दल आपण पुष्कळ बोलतो. त्या ऐकणाऱ्यांबद्दल फारसे बोलत नाही. आज घरात सांगणारे कमी झाले आहेत असे मला वाटत नाही. ऐकणारे कमी झाले आहेत.

मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढली. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि 10 तारखेला काउंटर उघडले, तेव्हा रांग रस्त्यावर गेलेली होती. लोक घाबरलेले, चिडलेले. त्या आठवड्यात एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. गुणपत्रिका पाहिली तर ज्यांच्यापुढे मान झुकवावी, असे काही सहकारी दुपारपर्यंत कोलमडून जात. आणि पदवी जेमतेम पदरात पाडून घेतलेला एक कॅशियर समोरच्या संतापलेल्या आजोबांना म्हणे, ‘काका, आधी पाणी प्या, मग बघू.’ आजोबा पाणी पीत आणि शांत होत. त्याने दिवसभरात हिशेबही चोख ठेवला. हे त्याला कोणी बँकेच्या प्रशिक्षणात शिकवले नव्हते. हे माणूस बारा-तेरा वर्षांचा असताना शिकतो, नाही तर मग फार महागात शिकतो.

सरकारांनाही याची जाणीव झाली आहे. दिल्लीत जुलै 2018 मध्ये दलाई लामांच्या उपस्थितीत सरकारी शाळांच्या आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी आनंदाचा अभ्यासक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात 2009 साली बीड जिल्ह्यातून ‘मूल्यवर्धन’ सुरू झाले, आणि मार्च 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. यात चांगले काम करणारे शिक्षक आहेत, हे नक्की. पण धोका असा की, एकदा तास ठरला की विषय होतो, विषय झाला की वही होते, आणि वही झाली की ती आई पूर्ण करते. शनिवारी आनंद आणि सोमवार ते शुक्रवार पूर्वीप्रमाणेच, असे होऊन चालणार नाही. ही शिकवण द्यायची ती रोजच्या घंटांमधूनच.

परिपाठाचेच घ्या. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष हे सगळे रोज होते. बहुतेक शाळांत माइकसमोर तीच ती चार चुणचुणीत मुले दिसतात. पाळी लावून प्रत्येकाला एक वाक्य बोलायला लावले, आणि अडखळणाऱ्याला हसायचे नाही हा नियम सगळ्यांनी पाळला, तर त्या दोन मिनिटांत बोलणारा धीर शिकतो आणि ऐकणारे दया शिकतात. तेच वर्गप्रमुखाचे. सर येईपर्यंत फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहायचा अधिकार एका मुलाला देण्यात आपण त्याला काय शिकवतो? आणि ज्याचे नाव रोज लिहिले जाते त्याला काय?

मधली सुट्टी ही तर खरी शाळा. डबा कोणाबरोबर खायचा, खेळात कोणाला घ्यायचे, कोणाला ‘चष्मिश’ म्हणायचे आणि कोणाला ‘जाड्या’, कोणाच्या रंगावरून आणि कोणाच्या आडनावावरून हसायचे, याचे निर्णय त्या पंचवीस मिनिटांत होतात. तिथे एकटे पडलेले मूल पुढच्या तासाला अपूर्णांक शिकत नसते; आपल्याला का घेतले नाही, एवढेच शिकत असते. मुलींचे आणखी एक असते. स्वच्छतागृहात पाणी नाही, कडी लागत नाही, म्हणून कित्येक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. पाळीचे दिवस असले तर विचारायलाच नको. पालकसभेत प्रगतिपुस्तकाऐवजी एकदा या कडीबद्दल विचारून पाहावे.

आता घरचे वेळापत्रक. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास आणि तेरा वर्षांपुढच्याला आठ ते दहा तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. पाचवीपासूनच्या मुलांचा त्यात विचार नव्हता. सकाळची शाळा सातला असेल तर मूल साडेपाचला उठते. रात्री अकराला झोपणाऱ्या मुलाने साडेसहा तासांत काय भागवायचे? सकाळची चिडचिड हा संस्काराचा प्रश्न नसून बऱ्याचदा नुसत्या झोपेचा असतो.

रात्री नऊला आणखी एक सोहळा असतो. आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारणा सुरू होते, ‘उद्या विज्ञानाची वही न्यायची आहे का?’ पंधरा जणी उत्तर देतात. प्रश्न सुटतो, पण ज्याने तो सोडवायचा तो सोफ्यावर पडलेला असतो. सातवीतल्या मुलाने मित्राला स्वतः फोन करून विचारावे, नाही तर दुसऱ्या दिवशी वहीविना उभे राहावे. त्यात आभाळ कोसळत नाही. जबाबदारी नावाचा धडा पुस्तकात नसतो, तो विसरलेल्या वहीत असतो.

आणि मार्क. एनसीईआरटीने 2022 मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे 3 लाख 80 हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. चिंतेचे कारण अभ्यास, असे 50 टक्के मुलांनी सांगितले, तर परीक्षा आणि निकाल, असे 31 टक्क्यांनी. 2023 मध्ये आपल्या राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली; नापास झाले तर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, त्यातही नापास तर त्याच वर्गात. अभ्यासाचे गांभीर्य राहावे हा हेतू वाईट नाही. पण म्हणूनच घरात शिरताक्षणी ‘किती पडले?’ विचारणे आता अधिकच जड झाले आहे. तो आकडा प्रगतिपुस्तकातून कळणारच आहे. जे कुठल्याच कागदावर येणार नाही, ते विचारावे.

बँकेत संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय तिजोरी बंद होत नसे. एखादी रक्कम कोणत्या खात्याची ते कळले नाही, तर ती तात्पुरती ‘सस्पेन्स’ खात्यात ठेवत. तिथे ती फार दिवस राहता कामा नये, असा दंडक असे. तपासणीला आलेला अधिकारी आधी तेच खाते उघडायला लावी. मुलांचेही असे एक खाते असते. सगळ्यांसमोर झालेला अपमान, मैत्रिणीने बदललेली जागा, सरांनी न ऐकून घेता मारलेला शेरा, सगळे तिथे पडून राहते. ‘काही नाही’ हे त्या खात्याचे नाव.

ते उघडायची घाई मात्र करू नये. घरी आल्यावर अर्धा तास प्रश्नच नको. खायला द्यावे आणि गप्प बसावे. रात्रीचे जेवण टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवून व्हावे, मोठ्यांचेसुद्धा. आपल्या दिवसातले एखादे अवघडलेपण आधी आपण सांगावे. साहेब बोलले, वाईट वाटले, एवढे वाक्य पुरते. मूल बोलू लागले की लगेच न्यायनिवाडा नको, ‘तूच काही केलं असशील’ तर नकोच नको. ऐकून झाल्यावर ‘मग तुला काय करावंसं वाटतं?’ एवढे विचारावे. मूल आठवड्यांमागून आठवडे खात नसेल, झोपत नसेल, शाळेच्या नावाने पोट दुखत असेल, किंवा जगायचे नाही अशा अर्थाचे काही बोलत असेल, तर ते नाटक समजू नये. वर्गशिक्षकांना भेटावे, डॉक्टरांकडे जावे. संकटातल्या मुलांसाठी 1098 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे क्रमांक विनामूल्य आहेत.

दहावीनंतर मुले लांब जातात, आणि ते तसेच असायला हवे. पण पुढे केव्हातरी परगावी, वसतिगृहात किंवा परदेशात, एखाद्या रात्री त्यांना आपली चूक, आपले अपयश कोणाला तरी सांगावेसे वाटेल. त्या रात्री फोन घरी लावायचा की नाही, हे त्या रात्री ठरत नाही. ते सहावी-सातवीतल्या कुठल्यातरी साध्या संध्याकाळी, पोहे खाता खाता, ठरून गेलेले असते.