बलोपासना : लेखांक सातवा — हलक्या चकत्यांची निवड

गतसप्ताही बारच्या लांबी-जाडीचा विचार झाला; आज त्या बारच्या दोन्ही टोकांस चढवावयाच्या रबरी चकत्यांकडे, म्हणजे मुले ज्यांना ‘बंपर प्लेट’ म्हणतात त्यांकडे, आणि त्यांतही नवशिक्याच्या हाती द्यावयाच्या हलक्या चकत्यांकडे वळू. गेल्या आषाढात कर्नाळ्याच्या पायथ्याशी एका गावी, पत्र्याच्या शेडवर पाऊस कोसळत असताना, चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा स्नॅच शिकताना मी पाहिला. बारला पाच-पाच किलोच्या लहान लोखंडी चकत्या होत्या. वजन त्याला मुळीच जड नव्हते. परंतु बार जमिनीलगत असल्यामुळे तो पकडण्यासाठी त्याला इतके खाली जावे लागे की कंबर सुटून पाठ धनुष्यासारखी वाके, आणि उचलीचा आरंभच बिघडल्यावर पुढचे सारे शिक्षण त्या बिघाडाची डागडुजी करण्यात खर्ची पडे.

स्पर्धेतील मोठ्या चकतीचा व्यास 450 मिलिमीटर असतो, त्यामुळे बारचा मध्य जमिनीपासून 225 मिलिमीटरांवर, म्हणजे साधारणतः नडगीच्या मध्याखाली, येतो. लहान लोखंडी चकतीचा व्यास पुष्कळदा याच्या जेमतेम निम्मा असल्याने बार सुमारे अर्धी वीत खाली उतरतो, आणि एवढ्या तफावतीने नितंब, गुडघे व पाठ यांचा परस्परांशी असलेला सारा हिशेब बदलून जातो. त्या दिवशी आम्ही दोन्ही चकत्यांखाली लाकडाचे ठोकळे सरकवून बार योग्य उंचीस आणला. वजन तेच, मुलगाही तोच, पण तिसऱ्या उचलीस त्याची पाठ फळीसारखी सरळ राहिली. पूर्ण व्यासाची हलकी चकती हेच काम ठोकळ्यांवाचून करते, आणि तिचे प्रयोजनही एवढेच आहे.

ही जाण आपल्याकडे नवी नव्हे. याच कर्नाळ्याच्या छायेतील शिरढोण गावी 1845 साली जन्मलेले आणि ज्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते ते वासुदेव बळवंत फडके पुण्यास लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत तयार झाले. आणि आपल्या तालमींचा जुना दस्तूर असा की नवख्याच्या हाती प्रथम हलके मुद्गल द्यावे, परंतु ते फिरविण्याची रीत पहिल्या दिवसापासून पक्की करून घ्यावी.

आता खरेदीचा प्रश्न. पुरुषांचा बार 20 किलोचा व स्त्रियांचा 15 किलोचा. त्यांस पाच-पाच किलोंची जोडी लावली की अनुक्रमे 30 व 25 किलो होतात, आणि अगदी लहान मुलामुलींना हेही अधिक वाटते. त्यांच्यासाठी अडीच किलोची, पूर्ण व्यासाची, टणक प्लॅस्टिकची ‘टेक्निक प्लेट’ घ्यावी. ही चकती डोक्यावरून सोडून देण्याच्या कामाची नव्हे. बार हाताने खाली आणूनच ठेवावा, आणि नवशिक्याला ती शिस्त लागणे मला इष्टच वाटते. पाच किलोच्या रबरी चकतीविषयी मात्र विशेष सावधगिरी हवी, कारण तेवढ्याशा वजनात एवढा व्यास साधण्यासाठी ती फार पातळ करावी लागते. एका व्यायामशाळेत मुलांनी अशा पातळ जोडीबाहेर दहा-दहा किलोंच्या लहान लोखंडी चकत्या चढवून बार डोक्यावरून सोडला. जमिनीस फक्त रबरच टेकत असल्याने सारा आघात त्या जोडीने सोसला. महिनाभरात तिच्या गाभ्यातील पोलादी कडे सैल झाले आणि चकती बारवर भोवऱ्यासारखी डुलू लागली. म्हणून शाळेची रक्कम तुटपुंजी असेल तर प्रथम दहा किलोंची एक चांगली रबरी जोडी घ्यावी, जी निर्धास्तपणे टाकता येते, आणि तिच्या जोडीला हलक्या प्लॅस्टिकच्या चकत्यांची तजवीज करावी. वीस-पंचवीस किलोंच्या देखण्या निळ्या-लाल चकत्यांना अजून पुष्कळ अवकाश आहे.

दुकानात चकती हाती घेतल्यावर तिच्या कडा अंगठ्याने दाबून पाहाव्यात, मधले कडे हलते का ते तपासावे, आणि बारवर चढवून एक फेर द्यावा; ती लचकत फिरली तर परत करावी. आमच्या कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते की निकृष्ट मुलामा दिलेल्या कड्यावर पहिल्याच श्रावणात गंज चढतो, हेही ध्यानी असावे.

वजनाची खात्री मात्र काट्यावरच करावी. पाच किलोच्या चकतीत दोनशे ग्रॅमची तूट म्हणजे शेकडा चार, आणि ती एकाच बाजूस असेल तर कोवळ्या मनगटाला ती तत्काळ जाणवते. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने 55 किलो गटात 248 किलो उचलले, आणि सुवर्णपदक 249 किलोंना गेले. ज्या खेळात एका किलोने पदकाचा रंग बदलतो, त्या खेळातील मुलांना पहिल्या दिवसापासून खरे वजन उचलावयास मिळाले पाहिजे. गावातील किराणा दुकानदार आपला इलेक्ट्रॉनिक काटा पाच मिनिटे आनंदाने देतो. प्रत्येक चकतीमागे तिचे खरे वजन खडूने नव्हे, तर रंगाने लिहावे, आणि ज्या दोन चकत्यांची वजने अगदी जवळची निघतील त्यांचीच जोडी लावावी. या सर्वांखालच्या जमिनीचा, म्हणजे लाकडी फलाटाचा, विचार पुढील लेखांकी करू.