डहाणूचा किनारा : बंदर कीं वाडी?

केज तालुक्याला समुद्र दूर आहे. पण मोठें काम गांवाशेजारीं आलें म्हणजे काय होतें, हें तेथील माणसाला कोणी शिकवावयास नको. धनेगांवापाशीं मांजरा नदीवर धरण झालें. पाण्याखालीं गेली ती कांठची जमीन, आणि पाणी पोहोंचलें लातूर शहरापर्यंत. हानि एकाच्या दारीं, लाभ दुसऱ्याच्या. पालघर जिल्ह्यांतील डहाणूच्या किनाऱ्यावर जो वाद चालला आहे, त्याचें मर्महि हेंच आहे.

डहाणू हें लहानसें शहर. किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या आणि वाळत घातलेले बोंबील, घोलवडकडे चिकूच्या वाड्या, पूर्वेस वारल्यांचे पाडे. येथें ५०० मेगावॉटचें औष्णिक वीजकेंद्र येऊं घातलें, तेव्हां कांहीं नागरिक विरोधास उभे राहिले. केंद्र झालेंच, परंतु जून १९९१ मध्यें सरकारनें सारा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला आणि उद्योगांना एकंदर ५०० एकरांची मर्यादा घातली. पुढें १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं एक प्राधिकरण नेमलें गेलें. त्यानें १९९८ सालीं वाढवण येथील बंदराची योजना नाकारली.

ही शांतता फुकट मिळालेली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. वाड्या राहिल्या, पण वाडी ज्याच्या मालकीची नाहीं त्याच्या मुलाला बोईसर-तारापूरचे कारखाने किंवा मुंबईची गाडीच धरावी लागते. निवांत किनारा पाहुण्याला जितका रम्य वाटतो, तितका तो तेथील बेकार तरुणाला वाटत नाहीं.

उलट बंदराची बाजूहि पोकळ नव्हे. वाढवणपाशीं समुद्र स्वभावतःच सुमारें २० मीटर खोल असल्यामुळें अत्यंत मोठीं जहाजें तेथें लागूं शकतील. प्राधिकरणानें २०२३ सालीं अटी घालून संमति दिली. जून २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें ७६,२२० कोटि रुपयांची योजना मंजूर केली, आणि ऑगस्टअखेर पायाभरणीहि झाली. बंदरासाठीं १,४४८ हेक्टर समुद्र भरून काढावयाचा आहे.

येथें न्हावा-शेव्याची आठवण होणें अपरिहार्य आहे. तें बंदर १९८९ सालीं सुरूं झालें आणि देशाचा व्यापार त्यानें वाढविला, यांत शंका नाहीं. पण शेवे येथील कोळ्यांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यांत बसविलें, आणि तेथलीं घरें वाळवीनें पोखरलीं! नवी मुंबईसाठीं घेतलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून उरण तालुक्यांतील शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं लढले. जानेवारी १९८४ मधील गोळीबारांत पांच जण पडले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व त्या लढ्यांतून आलें.

त्या शेतकऱ्यांच्या हातीं निदान सातबारा होता. समुद्राला सातबारा नसतो. भरून निघणाऱ्या पाण्यांत पिढ्यान् पिढ्या जाळें टाकणाऱ्याचें नांव कोणत्याच दप्तरीं नाहीं. होडीचा परवाना असलेल्या मालकाला भरपाईच्या यादींत एकवेळ जागा मिळेल. पण त्याच होडीवरचा खलाशी, आणि मासळी वाळवून डोक्यावर टोपली घेऊन बाजार गांठणारी कोळीण, यांनीं आपलें नुकसान कोणत्या कागदानें सिद्ध करावयाचें? बंदराचा लाभ डहाणूस होणार कीं केवळ डहाणूमधून जाणार, हें त्या यादींत कोणाचीं नांवें चढतात यावर ठरेल.