फ्रेंच पिकनिक, विंचूरच्या अंगणात

घरच्या घरी फ्रेंच पद्धतीची पिकनिक करू या, असं कुणी सुचवलं की पहिला प्रश्न खर्चाचा निघतो. वेताची टोपली, लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड, परदेशी चीज, हातभर लांब पाव आणि वाइनची बाटली. सिनेमा आणि मोबाइलवरच्या फोटोंनी हे चित्र डोक्यात पक्कं बसवलंय. निफाड तालुक्यातल्या विंचूरसारख्या गावात हे सगळं आणायचं कुठून? खरं सांगायचं तर यातलं निम्मं लागतच नाही, आणि उरलेलं निम्मं विंचूरच्या पंचक्रोशीत पिकतं.

पिकनिक म्हणजे उघड्यावरच, ही समजूत आधी बाजूला ठेवावी. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये पिकनिक छपराखाली होत असे, पुष्कळदा खाणावळीत. प्रत्येकाने आपला पदार्थ आणायचा किंवा आपला वाटा भरायचा, एवढीच अट. राज्यक्रांतीच्या धामधुमीत देश सोडलेल्या मंडळींबरोबर ही चाल लंडनला पोचली आणि तिथेही सुरुवातीला बंद दालनांतच रमली. बागा आणि हिरवळी तिला पुढे चिकटल्या. हिरवळीचा भरवसाही नसतो. १४ जुलै २००० ला फ्रान्सने पॅरिसच्या रेखावृत्तावर देशाच्या उत्तर टोकापासून दक्षिणेपर्यंत एकच अवाढव्य पिकनिक मांडली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी पावसाने तिच्यावर पाणी फिरवलं. वाटून आणायचं आणि एकत्र बसून खायचं, ही कल्पना आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. शाळेतली अंगतपंगत आणि कार्तिकातलं आवळीभोजन याच जातकुळीतलं. तेव्हा विंचूरमधल्या घराची पडवी, गच्ची किंवा अंगण अस्सल पिकनिकला पुरेसं आहे. चौकड्यांचं कापड नसेल तर धुतलेली सतरंजी अंथरावी. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी खुर्च्या आधीच मांडाव्यात. फ्रेंच माणसंही घडीच्या खुर्च्या नेतात.

दुसरा गैरसमज स्वयंपाकाचा. फ्रेंच म्हटलं की सॉस, ओव्हन आणि चार तासांची उस्तवार आठवते. युनेस्कोने २०१० मध्ये फ्रेंच भोजनपद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, पण तो मान समारंभाच्या, क्रमाक्रमाने वाढल्या जाणाऱ्या जेवणाचा. पिकनिकचं जेवण त्याच्या दुसऱ्या टोकाला असतं. कोवळा मुळा, लोणी आणि मीठ, हा फ्रान्सचा आवडता पदार्थ. किसलेलं गाजर, लिंबू, तेल, मोहरीची पेस्ट हा दुसरा. आपल्या गाजराच्या कोशिंबिरीहून तो फार लांब नाही. लियाँ शहरात ताज्या चीजमध्ये लसूण, कांदा, हिरवी पात, मीठ-मिरी, थोडं तेल आणि व्हिनेगर कालवून पावाला लावतात. विंचूरमध्ये ताज्या चीजच्या जागी घरचा चक्का घ्यावा. श्रीखंडासाठी टांगतो तोच, साखरेविना. महागडं चीज नसेल तर पिकनिक फिकी पडेल ही भीती इथेच संपते.

आणि कांदा! लासलगावची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर असताना नीस शहराचा कांद्याचा पाव करून पाहायला हवाच. भरपूर कांदा उभा चिरून तेलात अगदी मंद आचेवर पाऊण-एक तास, मऊ आणि गोड होईपर्यंत परतायचा. तिथे तो पिठाच्या पोळीवर पसरून, वर ऑलिव्ह आणि खारवलेले बारीक मासे लावून भाजतात. इथे मासे वगळून, लाटलेल्या पावाच्या पिठावर किंवा नुसत्या भाजलेल्या पावावरही तो शोभतो. गार खायचा असल्याने आदल्या रात्री करून ठेवता येतो, हा यजमानाचा मोठा फायदा.

पावाबद्दलही बाऊ नको. बागेत म्हणजे तो लांब पाव आता युनेस्कोच्या यादीत आहे (२०२२), आणि १९९३ च्या फ्रेंच नियमानुसार पारंपरिक पावात पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांपलीकडे जवळजवळ काही घालायची मुभा नाही. पण तो दुसऱ्या दिवशी लाकडासारखा होतो. शहरातून आणलेल्या शिळ्या बागेतपेक्षा गावच्या बेकरीतला सकाळचा पाव केव्हाही सरस. नीसमध्येच गोल पाव कापून, ऑलिव्ह तेलाने भिजवून त्यात टोमॅटो, कांदा, मुळा, उकडलेलं अंडं आणि मासे भरतात. लादीपावाला हे काम उत्तम जमतं.

राहिली वाइन. इथे गैरसमजांचं पीक द्राक्षांइतकंच जोमदार आहे. २००१ च्या धोरणानंतर एमआयडीसीने दोन वाइन पार्क आखली, एक विंचूरला आणि दुसरं सांगली जिल्ह्यात पलूसला. त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं की इथली सगळी द्राक्षं वाइनच्या टाकीत जातात. प्रत्यक्षात निफाडच्या बागांमधली बहुतेक द्राक्षं खाण्याची: थॉमसन, सोनाका, शरद. वाइनची द्राक्षं निराळी, बारीक, जाड सालीची, बियांची. त्यांच्या जाती मात्र फ्रेंच: ल्वार खोऱ्यातली शेनँ ब्लाँ, बोर्दोची कॅबर्ने सोव्हिन्यों. फ्रान्समध्ये त्यांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. नाशिकला वेल थंडीत पूर्ण झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून जानेवारी ते मार्चमध्ये माल हाती येतो. आणखी एक: नाशिकची फेसाळ वाइन कितीही चांगली असली तरी तिला शॅम्पेन म्हणता येत नाही. ते नाव फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतापुरतं राखलेलं आहे.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हे वाक्य युरोपातल्या गार घरांचं आहे. तिथली खोली म्हणजे सोळा-अठरा अंश. विंचूरमध्ये मार्चच्या दुपारी पारा पस्तिशीला टेकतो, तेव्हा रेडची बाटलीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. व्हाइट त्याहून गार, आठ-दहा अंशांवर.

घर माळकरी असेल तर बाटलीचा विषयच नको, आणि त्याने फ्रेंचपणा तसूभरही कमी होत नाही. फ्रान्समधली मुलं फळांचा गोड अर्क पाण्यात घालून पितात. कोकम सरबत त्याच कुळातलं, शिवाय जास्त चवदार.

काळवेळही फ्रेंचांकडून उसनी घेऊ नये. ते उन्हाळ्यात बाहेर पडतात, कारण त्यांचा उन्हाळा सुखाचा असतो. निफाडचा थंडीत दबदबा आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला नीचांक दर हिवाळ्यात बातमीत येतो. डिसेंबर-जानेवारीतली अकरा ते तीन ही वेळ सगळ्यांत छान, मुळा-गाजरही तेव्हाच रसरशीत. हुरडा याच दिवसांतला, तो मध्येच ताटात आला तर कुणी फ्रेंच माणूस नाक मुरडणार नाही.

चक्का, अंडं आणि लोणी मात्र दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, उन्हात पारा बत्तीसच्या पुढे गेला तर तासाभरातच आत न्यावं. त्याहून जास्त वेळ बाहेर राहिलेलं अंड्याचं काहीही टाकून द्यावं; पाव आणि द्राक्षं संध्याकाळपर्यंत खुशाल चालतात.